कोयनेलाच्या कलमांचा पहिला हिवाळा

झाडाची फांदी छाटून ओल्या मातीत खोचली आणि तिला मूळ फुटले, की कलम साधले, असा सर्वसाधारण समज आहे. जाणता माळी मात्र तेवढ्याने निश्चिंत होत नाही. तो पहिला हिवाळा सरण्याची वाट पाहतो. उत्तरेकडे नेमणुकीस असलेल्या आपल्या महाराष्ट्रीय मंडळींस हे वेगळे सांगण्याचे कारण नाही. गणपतीला लाल फूल असावे म्हणून पुण्याहून वा कोकणातून नेलेली जास्वंदीची काडी दिल्लीच्या किंवा डेहराडूनच्या मातीत श्रावणात सहज रुजते, दसऱ्यापर्यंत पालवते आणि पौषातील एखाद्या निरभ्र रात्रीनंतर काळी पडते. बागेपुरती ही हानी क्षुल्लक होय. परंतु या देशाच्या इतिहासात एक काळ असा होता, की काही शे कलमांनी हिवाळा पार पाडला की नाही, यावर लक्षावधी माणसांच्या औषधाचा प्रश्न अवलंबून होता. सिंकोना, म्हणजे ज्याच्या सालीपासून कोयनेल निघते ते झाड, हिंदुस्थानात कसे रुजले, याची ही हकीकत आहे.

प्रथम कलमाला हिवाळा का बाधतो, ते पाहिले पाहिजे. बीपासून वाढलेल्या रोपाचे मूळ खोल जाते. छाटकलमाचे तसे नाही. कापलेल्या टोकाशी गाठ धरते, तिच्यातून चार नाजूक तंतू फुटतात, आणि पहिल्या वर्षी त्या तंतूंवरच सारा संसार चालतो. थंड व कोरडा वारा पानांतील पाणी ओढून घेतो, आणि गार पडलेल्या मातीतून तितके पाणी वर पोचवण्याचे बळ त्या मुळांना नसते. यामुळे पुष्कळदा कलम गारठ्याने मेले असे आपण म्हणतो तेव्हा वस्तुतः ते तहानेने मेलेले असते. ते सुकते आहे असे पाहून अननुभवी माणूस पाणी वाढवतो. मग थंड चिखलात ती कोवळी मुळे कुजतात. दहिवर पडते तेथे आणखी एक संकट असते. मातीतील पाणी गोठून फुगते, माती वर उचलली जाते आणि तिच्याबरोबर कलमही मुळांसकट उपटून येते. उलटपक्षी, त्याला फार ऊब दिली तर ते अवेळी पालवते, आणि ती कोवळी पालवी पुढच्या थंडीत प्रथम बळी पडते. सारांश, कलमाला हिवाळ्यात ऊब हवी पण फार नको, पाणी हवे पण फार नको, आणि वाऱ्यापासून आडोसा मात्र अवश्य हवा.

हे ज्ञान आपल्याकडे फार जुने आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर एक अध्याय आहे. फणस, अशोक, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष, महाळुंग अशा कोणत्या झाडांच्या फांद्या शेणाने माखून लावाव्यात, याची यादी त्यात दिली आहे. झाडांना होणाऱ्या रोगांची कारणे सांगताना तो थंडी, वारा आणि ऊन या तिघांना एकत्र गोवतो. लावलेल्या झाडांना उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, हिवाळ्यात एका दिवसाआड आणि पावसाळ्यात माती सुकली असेल तरच पाणी द्यावे, असा त्याचा दंडक आहे. हिवाळ्यात पाणी तोडू नये, पण आवरते घ्यावे, हे आजही कोणत्याही रोपवाटिकेत सांगतात. उज्जयिनीच्या या पंडिताला मात्र हिवाळा माहीत होता तो माळव्यातला. जेथे सहा-सहा महिने जमीन गोठते, अशा देशांत हा प्रश्न अधिक बिकट, आणि तेथे त्याचे उत्तर निराळे शोधले गेले. ते उत्तर म्हणजे काच. रोमचा बादशहा टायबेरिअस याच्यासाठी त्याचे माळी चाके लावलेल्या वाफ्यांत काकड्या पिकवीत आणि हिवाळ्यात त्यांवर अभ्रकासारख्या पारदर्शक दगडाचे तक्ते घालीत, असे प्लिनीने नमूद केले आहे. पुढे युरोपातील राजेरजवाड्यांनी संत्र्याच्या झाडांसाठी मोठमोठी हिवाळी घरे बांधली. परंतु ही घरे जागच्या जागी उभी असत. समुद्रावरून न्यावयाच्या झाडांचे काय, हा प्रश्न तसाच राहिला होता.

तो सोडवला लंडनमधील एका डॉक्टराने, आणि तोही योगायोगाने. नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड हा लंडनच्या पूर्व भागात, गिरण्यांच्या धुराने काळवंडलेल्या वस्तीत, वैद्यकी करी. त्याला नेच्यांचा नाद होता, पण त्या धुरात नेचे जगत नसत. १८२९ मध्ये त्याने एका पतंगाचा कोश ओलसर मातीत पुरून बाटली झाकून ठेवली. पतंग पाहण्यासाठी त्याने ती पुन्हा पाहिली, तेव्हा मातीत एक नेचा आणि थोडे गवत उगवलेले दिसले. दिवसा मातीतून उठलेली वाफ काचेवर जमे आणि पुन्हा मातीत उतरे. पाणी आतल्या आत फिरत राही, आणि बाहेरचा धूर व वारा आत शिरत नसे. यावरून त्याने काचेच्या तावदानांच्या बंद पेट्या तयार केल्या आणि १८३३ मध्ये अशा दोन पेट्या जहाजाच्या डेकवर ठेवून ऑस्ट्रेलियाला धाडल्या. झाडे सुखरूप पोचली. त्याहून मोठी परीक्षा परतीच्या प्रवासात झाली. १८३४ च्या फेब्रुवारीत सिडनीच्या कडक उन्हात पेट्या भरल्या. केप हॉर्नला वळसा घालताना डेकवर बर्फ साचले, आणि पुढे विषुववृत्तावर पुन्हा होरपळ. लंडनला पेट्या उघडल्या तेव्हा आतील नेचे टवटवीत होते. एकाच प्रवासात दोन उन्हाळे आणि एक हिवाळा त्यांनी पाहिला होता. वॉर्डने आपला ग्रंथ १८४२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर चहा, रबर, सिंकोना यांसारखी जी जी झाडे एका खंडातून दुसऱ्या खंडात गेली, त्यांतील पुष्कळशी वॉर्डच्या पेटीत बसून गेली.

सिंकोनाची गरज किती तीव्र होती, याची कल्पना आजच्या पिढीला येणे कठीण आहे. हिवतापाने गावेच्या गावे ओस पडत. पलटणी लढाईवाचून खच्ची होत. सिंकोनाच्या सालीचा काढा हिवतापावर चालतो, हे युरोपला सतराव्या शतकापासून ठाऊक होते. १८२० मध्ये पेल्त्ये आणि काव्हांतू या दोन फ्रेंच रसायनज्ञांनी तीतून क्विनीन वेगळे काढले, आणि मागणी एकदम वाढली. झाड मात्र फक्त दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उतारांवर होई. तेथील लोक झाड तोडून साल काढीत आणि पुन्हा लावीत नसत. ज्या देशांत ते होई त्यांना त्याची रोपे बाहेर जाऊ देण्याची इच्छा नव्हती. अशा वेळी हिंदुस्थान सरकारच्या लंडनमधील कचेरीतील एक तरुण कारकून, क्लेमंट्स मार्कम, याने ती कामगिरी अंगावर घेतली.

मार्कम १८६० च्या आरंभी पेरूत पोचला आणि दक्षिणेकडील काराबाया प्रांतातील तांबोपाता नदीच्या खोऱ्यात शिरला. त्याने व त्याच्याबरोबरच्या माळ्याने ५२९ रोपे गोळा केली. स्थानिकांचा विरोध वाढू लागताच त्यांना ती घेऊन निघावे लागले. वाट अँडीजच्या उंच पठारावरून जाणारी, जेथे उन्हाळा-हिवाळा न पाहता रात्री पाणी गोठते. उष्ण, दमट खोऱ्यात वाढलेली रोपे चटयांत गुंडाळून खेचरांवर लादलेली, आणि रात्री त्यांना गारठ्यापासून जपावयाचे. बंदरावर त्यांना वॉर्डच्या पेट्यांत बसवले. इथवर ती पुष्कळशी जगली होती. मग मात्र त्यांचे दुर्दैव ओढवले. पॅसिफिक महासागरातून थेट हिंदुस्थानास जहाज मिळावे, ही मार्कमची विनंती मान्य झाली नाही. रोपे पनामावरून इंग्लंडला, तेथून इजिप्तमार्गे तांबड्या समुद्रातून मुंबईला आणि मुंबईहून निलगिरीला, अशी अर्धी पृथ्वी फिरली. सुवेझचा कालवा तेव्हा झालेला नव्हता. तांबड्या समुद्राच्या भट्टीत मुळे शिजून निघाली. अँडीजच्या दहिवरातून वाचलेली ही रोपे उष्ण्याने गेली. उटकमंडला जी पोचली त्यांतूनही काही हाती लागले नाही. सरकारी कागदावर सोईचा दिसणारा मार्ग प्रत्यक्षात सर्वांत महाग पडतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

दुसरी मोहीम मात्र सफल झाली, आणि तिचा पाया छाटकलमांचाच होता. रिचर्ड स्प्रूस हा यॉर्कशरचा वनस्पतिशास्त्रज्ञ १८४९ पासून अ‍ॅमेझॉनच्या अरण्यांत फिरत होता. सिंकोनाचे काम हाती आले तेव्हा तो आजाराने इतका जर्जर झाला होता, की धड चालणेही त्याला अवघड जाई. इक्वादोरमधील चिंबोराझो पर्वताच्या पश्चिम उतारावर लिमोन नावाच्या ठिकाणी तांबड्या सालीच्या सिंकोनाची झाडे होती. तेथे त्याने मुक्काम केला. १८६० च्या मध्याला रॉबर्ट क्रॉस हा माळी त्याच्या मदतीस आला. स्प्रूसने सुमारे एक लाख बिया जमवल्या आणि क्रॉसने फांद्या छाटून वाफे लावले. मुंग्या, सुरवंट आणि कोरडे ऊन यांच्याशी झगडत तो महिनोन्‌महिने त्या वाफ्यांजवळ राहिला. वर्षाच्या अखेरीस ६३७ रोपे पेट्यांत भरून तराफ्यावर चढवली. वाटेत प्रवाहाने तराफा काठच्या झाडीत फेकला आणि पेट्या खिळखिळ्या झाल्या, तरी रोपे बचावली. १८६१ च्या जानेवारीत क्रॉस ग्वायाकील बंदरातून निघाला, भर हिवाळ्याच्या दिवसांत ती रोपे उत्तर गोलार्धातून नेली, आणि उन्हाळा पेटण्यापूर्वी तांबडा समुद्र ओलांडून ९ एप्रिल १८६१ रोजी उटकमंडला पोचला. त्याच्या पेट्यांत तांबड्या सालीच्या सिंकोनाची ४६३ रोपे जिवंत होती. मार्कमच्या आणि क्रॉसच्या पेट्या एकाच धर्तीच्या होत्या. फरक पडला तो दोन गोष्टींनी. क्रॉसची कलमे प्रवासापूर्वी जागेवर नीट मूळ धरलेली होती, आणि त्यांच्याबरोबर सबंध वाटेवर त्यांना ओळखणारा माळी होता.

उटकमंडच्या सरकारी बागेचा अधीक्षक विल्यम ग्रॅहम मॅकआयव्हर याच्या हाती ती पडली. हा गृहस्थ १८४८ पासून निलगिरीत होता आणि तेथील हिवाळा त्याच्या पूर्ण परिचयाचा होता. निलगिरी दक्षिणेत असली तरी उटकमंडची उंची सात हजार फुटांवर आहे. मार्गशीर्ष-पौषात तेथे वारा पडलेल्या, निरभ्र रात्री दऱ्यांच्या तळाशी गवतावर पांढरे दहिवर साचते. थंड हवा जड असल्याने ती पाण्यासारखी उतारावरून वाहत जाऊन खोलगट जागी साठते. यामुळे उंचावरील उतार तळापेक्षा उबदार राहतो, हा तेथील पहिला धडा. दुसरा धडा असा, की दहिवरापेक्षा त्यानंतर येणारे सकाळचे ऊन अधिक घातक असते. गोठलेल्या पानावर ते पडले की पान करपते. म्हणून जागा निवडताना उतार, वाऱ्याचा आडोसा आणि सकाळच्या उन्हाची दिशा ही तिन्ही पाहावी लागत. थंडी सोसणाऱ्या जातींसाठी दोडाबेट्टाचे उतार निवडले, आणि तांबड्या सालीच्या, अधिक नाजूक जातीसाठी नडुवट्टमची खालची, उबदार जागा.

मॅकआयव्हरचे खरे कौशल्य कलमांची संख्या वाढवण्यात दिसून आले. फांदीचे दाबकलम, कोवळ्या शेंड्याचे छाटकलम, एवढेच नव्हे तर एका पानासह एका डोळ्याचे कलम, असे सर्व मार्ग त्याने वापरले. कलमे काचघरात उबेला रुजत. तेथून ती एकदम माळावर नेणे म्हणजे त्यांना मरणाच्या दारी नेणे. म्हणून त्यांना पायरीपायरीने मोकळ्या हवेची सवय लावावी लागे. काचघरातून आच्छादलेल्या चौकटीत, तेथून सावलीच्या वाफ्यात आणि शेवटी उघड्यावर असा हा क्रम होता. डच लोकांनी जावात आरंभी आपली रोपे दाट रानाच्या गडद सावलीत लावली होती, आणि ती उंच पण रोगट वाढली. मॅकआयव्हरने उघड्या उतारांचा आग्रह धरला. आच्छादन हे कलम उघड्यावर जगण्याइतके बळकट होईपर्यंतच हवे, हे त्याचे मर्म होते. काही वर्षांतच निलगिरीतील रोपांची संख्या लाखांच्या घरात गेली.

उत्तरेत मात्र हा हिवाळा अधिक निष्ठुर ठरला. कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचा अधीक्षक टॉमस अँडरसन १८६१ मध्ये जावाला जाऊन सिंकोनाची रोपे घेऊन आला. कलकत्त्याच्या उकाड्यात ती जगणे शक्य नव्हते. म्हणून १८६२ मध्ये ती दार्जिलिंगला हलवली. पहिली जागा ठरली सिंचल, सुमारे आठ हजार फुटांवरची. पावसाळ्यात ती जागा आदर्श वाटली असेल. धुके, ओलावा, गारवा, सारे अँडीजसारखे. पण थंडी पडू लागताच तेथे झाडे राहणार नाहीत हे उमगले आणि त्यांना खाली लेबाँग येथे आणून आडोशाला हिवाळा काढावा लागला. पुढे, १८६४ च्या सुमारास, आणखी खाली रंगबीच्या खोऱ्यात कायमची जागा मिळाली. तिचाच विस्तार म्हणजे मंगपू. झाडाची जागा पावसाळ्यात पाहून ठरवू नये, माघात पाहून ठरवावी, हा त्या स्थलांतराचा अर्थ आहे. अँडरसनला त्या खोऱ्यांतील श्रम मानवले नाहीत. चाळिशीही न गाठता १८७० मध्ये त्याचा अंत झाला.

या हकीकतीत आपल्या महाराष्ट्राचेही एक छोटे प्रकरण आहे. निलगिरीचे यश पाहून मुंबई सरकारने महाबळेश्वराजवळ लिंगमळा येथे सिंकोनाची लागवड करून पाहिली. ती टिकली नाही. महाबळेश्वरला पाऊस थोडा पडतो असे नव्हे. पण तो सारा चार महिन्यांत कोसळतो आणि पुढील आठ महिने कोरडे जातात. सिंकोना हे बारमाही ओलाव्याचे झाड. मुळांनी पावसाळा चिखलात काढावा आणि लगेच कोरड्या थंड वाऱ्याला तोंड द्यावे, हे त्याला जमण्यासारखे नव्हते. आज लिंगमळ्याचा धबधबा पाहण्यास जाणाऱ्या प्रवाशांपैकी फारच थोड्यांना हे ठाऊक असते.

निष्पत्ती काय झाली? व्यापाराच्या दृष्टीने पाहता इंग्रजांनी बाजी गमावली. तांबड्या सालीत क्विनीनचे प्रमाण बेताचेच असे. ज्या जातीत ते भरपूर होते तिचे बी बोलिव्हियातून मानुएल इन्क्रा मामानी या मूळनिवासी माणसाने आपला मालक चार्ल्स लेजर याच्यासाठी जमवले. त्यापायी त्याला तुरुंगात मारहाण झाली आणि तीतच त्याचा अंत झाला. इंग्रज सरकारने ते बी नाकारले आणि १८६५ मध्ये डचांनी त्यातील एक पौंड विकत घेतले. नाजूक लेजर जातीचे कलम तांबड्या सालीच्या कणखर खुंटावर बांधण्याची युक्तीही त्यांना साधली. १९३० नंतरच्या दशकात जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक क्विनीन जावातून येत होते. १९४२ मध्ये जपानने जावा घेतले, तेव्हा मित्रराष्ट्रांच्या औषधाचा झराच आटला.

परंतु बाजारभाव ही इतिहासाची एकमेव कसोटी नव्हे. बंगालमध्ये १८९२ पासून टपालकचेऱ्यांतून कोयनेलाच्या पुड्या एका पैशाला विकल्या जाऊ लागल्या. टपाल वाटणारा शिपाई खेड्यात पत्राबरोबर औषधही पोचवू लागला. हिवताप डासांमुळे पसरतो, याचा शोध रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेस १८९७ मध्ये लावला. म्हणजे रोगाचे कारण कळण्यापूर्वीच त्याचा उतारा टपालपेटीशेजारी मिळू लागला होता. ती पुडी सर्वांना पुरली असे मात्र म्हणता येत नाही. देश स्वतंत्र झाला तेव्हा वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि सुमारे आठ लाख माणसे त्याने दगावत, असा अंदाज सांगितला जातो.

या सर्व खटपटीचा हेतू केवळ परोपकाराचा होता, असे मानण्याइतके भोळे आपण असू नये. साम्राज्याला आपल्या फौजा आणि आपले अंमलदार जिवंत ठेवावयाचे होते. निलगिरीतील उतार साफ करण्यासाठी मलायाकडून आणलेल्या चिनी कैद्यांना राबवले गेले. नडुवट्टमला त्यांच्या तुरुंगाची इमारत आजही दाखवतात. ज्या देशांतून झाड आणले, त्यांना त्याचा मोबदला मिळाला नाही. हे सर्व जमेस धरूनही एक गोष्ट उरते. हेतू कोणताही असो, झाडाला तो कळत नाही. त्याला कळते ती निगा. फर्माने लंडनला निघाली, वाद कलकत्त्याला आणि मद्रासला झाले. पण कलम जगले की मेले, हे ठरले ते पौषातल्या रात्री दहिवर पडण्यापूर्वी वाफ्यावर चटई ओढली की नाही, यावर. ती ओढणाऱ्या निलगिरीतील वा दार्जिलिंगच्या माळ्यांपैकी एकाचेही नाव ग्रंथांत सापडत नाही.

मंगपूचे नाव बंगाली वाचकांच्या परिचयाचे आहे ते निराळ्या कारणाने. १९३८ ते १९४० या काळात रवींद्रनाथ ठाकूर तेथे मैत्रेयी देवींच्या घरी राहावयास जात, आणि मैत्रेयी देवींचे यजमान त्या सिंकोना-कारखान्याचे अधिकारी होते. दार्जिलिंग जिल्ह्यात नेमणुकीस असलेल्या वाचकांनी रवींद्रनाथांचा तो बंगला अवश्य पाहावा. मात्र त्याच फेरीत भोवतालच्या उतारांवरही नजर टाकावी. सिंचलच्या गारठ्यातून वेळीच खाली आणली म्हणून वाचलेल्या थोड्या रोपांपासून तेथील सिंकोनाचा आरंभ झाला आहे.